मूलनलिका उपचारातील यंत्रचलित फाइलींचा टिकाऊपणा आणि मोड

यंत्रचलित मूलनलिका-फाइल हे मूलनलिका उपचारात (रूट कॅनॉल उपचारात) वापरले जाणारे, मोटारीवर फिरणारे बारीक कर्तन-उपकरण आहे. दाताच्या मुळातील अरुंद नलिकेतून संसर्गित दंतमज्जा व दंतिनाचा आतील थर काढून टाकणे आणि नलिकेला टोकाकडे निमुळता होत जाणारा आकार देणे हे या फाइलीचे काम असते. आजच्या बहुतेक यंत्रचलित फाइली निकेल-टायटॅनियम या मिश्रधातूच्या असतात. अत्यंत लवचीक असल्या, तरी या फाइली वापरात असताना मोडू शकतात आणि तुटलेला तुकडा नलिकेतच अडकून राहू शकतो. वापरण्यापूर्वी डोळ्यांना पूर्णपणे निर्दोष दिसणारी फाइलही अचानक मोडू शकते, म्हणून दंतवैद्यकात फाइलीचा टिकाऊपणा, तिच्या वापराची मर्यादा आणि मोड टाळण्याचे उपाय यांचा स्वतंत्र अभ्यास केला जातो.

इतिहास

मूलनलिकेतील दंतमज्जा काढण्यासाठी एडविन मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्याने १८३८ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगपासून हाताने वापरायचे उपकरण तयार केले. ते या वर्गातील पहिले उपकरण मानले जाते. १८८९ मध्ये विल्यम रॉलिन्स यांनी दंतवैद्यकीय हँडपीसला जोडून पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या सुया वापरल्या. सुया मोडू नयेत म्हणून त्यांनी फिरण्याचा वेग मिनिटाला १०० फेऱ्यांपर्यंत मर्यादित ठेवला होता. मोडण्याचा प्रश्न अशा रीतीने यंत्रचलित उपकरणांच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे.

त्यानंतर अनेक दशके कार्बन पोलाद व पुढे स्टेनलेस स्टीलच्या फाइली प्रामुख्याने हाताने वापरल्या जात. स्टेनलेस स्टीलची फाइल जाड होत जाते तशी ताठ होते. वाकड्या नलिकेत ती सरळ होऊ पाहते, त्यामुळे नलिकेचा मूळ मार्ग बदलणे, भिंतीत पायरी पडणे किंवा मुळाला छिद्र पडणे असे दोष उद्भवतात. अशी फाइल वाकड्या नलिकेत सतत गोल फिरवणे धोक्याचे ठरते.

निकेल-टायटॅनियम मिश्रधातूचे विशेष गुणधर्म १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्यूलर यांच्या संशोधनातून पुढे आले. 'निटिनॉल' हे नाव निकेल, टायटॅनियम आणि या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून पडले. दंतवैद्यकात हा मिश्रधातू प्रथम दात सरळ करण्याच्या तारांमध्ये वापरला गेला. वालिया, ब्रँटली व गर्स्टाइन यांनी १९८८ मध्ये अशाच तारेपासून १५ क्रमांकाच्या फाइली घडवून तपासल्या. तेवढ्याच आकाराच्या स्टेनलेस स्टीलच्या फाइलींपेक्षा त्या दोन ते तीन पट लवचीक असल्याचे आणि पिळाने मोडण्यास अधिक विरोध करत असल्याचे त्यांना आढळले. १९९० च्या दशकात यंत्रचलित निकेल-टायटॅनियम फाइली बाजारात आल्या आणि वाकड्या नलिकांतही पूर्ण वर्तुळात फिरणारे उपकरण नेहमीच्या वापरात आले.

रचना आणि धातूचे गुणधर्म

फाइलीचा क्रमांक तिच्या टोकाचा व्यास सांगतो. २५ क्रमांकाच्या फाइलीचे टोक ०.२५ मिमी व्यासाचे असते. टोकापासून दांड्याकडे व्यास ज्या दराने वाढतो त्याला टेपर म्हणतात. हाताने वापरायच्या प्रमाणित फाइलींत तो दर मिलिमीटरला ०.०२ मिमी, म्हणजे २ टक्के असतो. यंत्रचलित फाइलींत ४ व ६ टक्के टेपर सर्रास आढळतो. काही फाइलींत तो लांबीनुसार बदलता असतो.

फाइलींच्या मिश्रधातूत वजनाने सुमारे ५६ टक्के निकेल व ४४ टक्के टायटॅनियम असते. अणूंच्या संख्येने पाहिल्यास हे प्रमाण जवळजवळ समसमान ठरते. या धातूची स्फटिकरचना दोन मुख्य रूपांत असते. उच्च तापमानाला स्थिर व तुलनेने ताठ असलेल्या रूपाला ऑस्टेनाइट, तर कमी तापमानाला स्थिर व मऊ असलेल्या रूपाला मार्टेन्साइट म्हणतात. ऑस्टेनाइट रूपातील फाइल वाकवली की ताण पडलेल्या भागात मार्टेन्साइट तयार होते, आणि ताण काढताच ते पुन्हा ऑस्टेनाइटमध्ये बदलते. या गुणाला अतिलवचिकता म्हणतात. त्यामुळे सुमारे ८ टक्क्यांपर्यंतची विकृतीही कायम न राहता भरून येते. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत ही मर्यादा १ टक्क्यापेक्षाही कमी असते.

अतिलवचिकतेची दुसरी बाजू अशी, की पोलादी फाइल मोडण्यापूर्वी बहुधा तिच्या कडांचा पीळ उलगडतो किंवा ती वाकडी राहते. हा बिघाड दंतवैद्याला दिसतो आणि फाइल वेळीच बाजूला ठेवता येते. निकेल-टायटॅनियमची फाइल मात्र नलिकेतून बाहेर काढताच सरळ होते आणि झालेल्या झिजेची खूण बरेचदा मागे ठेवत नाही.

पारंपरिक निकेल-टायटॅनियमची तार पीळ देऊन घडवणे कठीण असल्याने बहुतेक फाइली तार खरवडून तयार केल्या जातात. या प्रक्रियेत पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा राहतात आणि वापरात भेगांची सुरुवात बहुधा तेथूनच होते. या खाचा कमी करण्यासाठी काही उत्पादक विद्युत-रासायनिक पद्धतीने पृष्ठभाग गुळगुळीत करतात.

मोडण्याचे प्रकार

फाइल दोन मुख्य प्रकारांनी मोडते. प्रत्यक्ष उपचारात हे दोन्ही प्रकार बरेचदा एकत्र घडतात.

१. पिळाने मोडणे. फाइलीचे टोक किंवा मधला भाग नलिकेच्या भिंतीत अडकतो, पण मोटार दांड्याला फिरवतच राहते. अशा वेळी फाइलीवर पडणारा पीळ धातूच्या सहनशक्तीपलीकडे गेला की ती मोडते. हा मोड बहुधा टोकाजवळ, जेथे व्यास सर्वांत लहान असतो तेथे होतो. मोडलेल्या जागेच्या आसपास कडांचा पीळ उलगडलेला किंवा उलटा झालेला दिसू शकतो. सरळ पण अरुंद नलिकेतही हा प्रकार घडतो. फाइल जोराने खाली दाबणे हे त्याचे नेहमीचे कारण असते.

२. चक्रीय शिणवट्याने मोडणे. वाकड्या नलिकेत फिरणाऱ्या फाइलीचा बाकाच्या बाहेरच्या अंगाला असलेला भाग ताणला जातो, तर आतल्या अंगाचा भाग दाबला जातो. अर्ध्या फेरीनंतर हे दोन्ही भाग जागा बदलतात. म्हणजे प्रत्येक फेरीत धातूच्या प्रत्येक कणावर ताण व दाब यांचे एक पूर्ण चक्र घडते. मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी फाइल सेकंदाला अशी पाच चक्रे सोसते. पृष्ठभागावर सूक्ष्म भेग पडते, ती प्रत्येक चक्रागणिक वाढत जाते आणि उरलेला छेद भार पेलू शकला नाही की फाइल क्षणात मोडते. हा मोड बाकाच्या सर्वाधिक वळणाच्या जागी होतो. फाइल नलिकेत अजिबात अडकलेली नसतानाही तो घडू शकतो.

मोडलेल्या पृष्ठभागाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्यास हे प्रकार वेगळे ओळखता येतात. शिणवट्याच्या मोडात भेगेच्या वाढीच्या समांतर रेषा दिसतात. पिळाच्या मोडात घर्षणाच्या वर्तुळाकार खुणा आणि मध्यभागी तिरकस खळगे दिसतात.

या दोन्ही प्रकारांपासून एकाच उपायाने बचाव होत नाही, कारण त्यांच्या मागण्या परस्परविरोधी असतात. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे इतर गोष्टी समान असता ०.२५ मिमी व्यासाचा छेद ०.२० मिमीच्या छेदापेक्षा जवळजवळ दुप्पट पीळ सोसतो. याउलट वाकवताना पृष्ठभागावर होणारी विकृती व्यासासोबत वाढते. २५ क्रमांकाच्या फाइलीचा व्यास टोकापासून ५ मिमीवर २ टक्के टेपर असल्यास ०.३५ मिमी, तर ६ टक्के टेपर असल्यास ०.५५ मिमी असतो. ५ मिमी त्रिज्येच्या बाकात पहिलीच्या पृष्ठभागावर सुमारे ३.५ टक्के, तर दुसरीच्या पृष्ठभागावर सुमारे ५.५ टक्के विकृती होते. थोडक्यात, बारीक फाइल पिळाने लवकर मोडते आणि जाड फाइल शिणवट्याने लवकर मोडते.

मोडण्यास कारणीभूत घटक

नलिकेची रचना: नलिकेचा बाक मोजण्यासाठी श्नायडर यांनी १९७१ मध्ये मांडलेली कोनाची पद्धत प्रचलित आहे. प्रूएट व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की केवळ कोन पुरेसा नसून बाकाची त्रिज्याही महत्त्वाची असते. समान कोनाच्या दोन नलिकांपैकी जिचा बाक आखूड व तीव्र असतो तिच्यात फाइल लवकर मोडते. दुहेरी बाक असलेल्या, एकमेकींत मिसळणाऱ्या व कॅल्शियम साठून अरुंद झालेल्या नलिकाही जोखमीच्या असतात. खालच्या दाढांच्या पुढच्या मुळातील आणि वरच्या दाढांच्या गालाकडील पुढच्या मुळातील नलिका या दृष्टीने विशेष जोखमीच्या मानल्या जातात.

वापरण्याची पद्धत: दाताच्या वरच्या भागातील प्रवेशमार्ग अपुरा असेल तर फाइल नलिकेत शिरण्यापूर्वीच वाकते आणि तिच्यावर एक जादा बाक लादला जातो. खाली दाबणे, फिरती फाइल एकाच जागी धरून ठेवणे, कडांमध्ये साचलेला भुगा न पुसणे आणि कोरड्या नलिकेत काम करणे यांमुळे धोका वाढतो. दंतवैद्याचा सराव व कौशल्य हाही मोठा घटक आहे.

वेग व टॉर्क: पारंपरिक फाइलींसाठी मिनिटाला साधारण २५० ते ३५० फेऱ्यांचा वेग सुचवला जातो. प्रूएट यांच्या प्रयोगांत मोडण्यापूर्वी सोसलेल्या चक्रांची संख्या वेगाने बदलली नाही. परंतु वेग वाढला की तेवढीच चक्रे कमी वेळात पूर्ण होतात, म्हणून घड्याळाच्या हिशोबाने फाइलीचे आयुष्य घटते. टॉर्क-नियंत्रित मोटार ठरावीक मर्यादेनंतर थांबते किंवा उलटी फिरते. त्यामुळे पिळाने मोडण्याचा धोका कमी होतो. शिणवट्यापासून मात्र ती संरक्षण देत नाही.

आधीचा वापर: शिणवटा साचत जातो. एका नलिकेत खर्च झालेली चक्रे पुढच्या नलिकेत परत मिळत नाहीत. एकच तीव्र बाकाची नलिका अनेक सरळ नलिकांपेक्षा फाइलीचे आयुष्य अधिक घटवू शकते.

टिकाऊपणाच्या चाचण्या

आयएसओ ३६३०-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पिळाच्या चाचणीत फाइलीच्या टोकाकडील ३ मिमी भाग घट्ट पकडून दांडा मिनिटाला २ फेऱ्या या मंद गतीने फिरवला जातो. मोडताना किती टॉर्क लागला आणि फाइल किती अंशांतून फिरली याची नोंद होते.

शिणवट्याच्या चाचणीत ठरावीक कोन व त्रिज्या असलेल्या कृत्रिम नलिकेत फाइल मोडेपर्यंत फिरवतात. मिनिटातील फेऱ्यांना मिनिटांत मोजलेल्या वेळेने गुणले की सोसलेली चक्रे मिळतात. उदाहरणार्थ, मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वेगाने दोन मिनिटे टिकलेल्या फाइलीने ६०० चक्रे सोसली, असे म्हटले जाते. अशा चाचण्या खोलीच्या तापमानाला घेतल्यास निष्कर्ष फसवे ठरू शकतात, कारण शरीराच्या तापमानाला निकेल-टायटॅनियम फाइलींची शिणवटा सोसण्याची क्षमता कमी होते. शिवाय धातूच्या गुळगुळीत नलिकेत फाइल मोकळी फिरते, तर दातात तिला दंतिन कापावे लागते. म्हणून चाचणीतील आकडे दोन फाइलींची तुलना करण्यास उपयोगी पडतात. एखादी फाइल किती रुग्णांना पुरेल हे त्यांवरून थेट ठरवता येत नाही.

मोडण्याचे प्रमाण

सत्तापन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये एका विशेषज्ञाच्या दवाखान्यात सहा महिन्यांत टाकून दिलेल्या ३७८ फाइली तपासल्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या फाइलींत दृश्य दोष होता आणि २१ टक्के मोडलेल्या होत्या. मोडलेल्यांपैकी ५५.७ टक्के फाइली पिळाने, तर ४४.३ टक्के शिणवट्याने मोडल्या होत्या. पाराशोस, गॉर्डन व मेसर यांनी २००४ मध्ये चार देशांतील १४ विशेषज्ञांकडून गोळा केलेल्या ७,१५९ फाइलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ५ टक्के फाइली मोडलेल्या आढळल्या, ३.५ टक्के शिणवट्याने आणि १.५ टक्के पिळाने. दोन अभ्यासांतील हा फरक फाइलीची रचना, दंतवैद्याची पद्धत आणि फाइल कधी टाकून दिली जाते यांवर अवलंबून असतो.

हे आकडे टाकून दिलेल्या फाइलींचे आहेत. उपचार घेतलेल्या दातांच्या संख्येशी तुलना केल्यास प्रमाण कमी दिसते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील इक्बाल व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात हाताने वापरायच्या फाइली मोडण्याचे प्रमाण ०.२५ टक्के, तर यंत्रचलित फाइलींचे १.६८ टक्के होते. मुळाच्या टोकाकडील तृतीयांशात फाइल मोडण्याची शक्यता वरच्या तृतीयांशाच्या तुलनेत ३३ पट असल्याचेही त्यात आढळले.

निर्जंतुकीकरण आणि पुनर्वापर

फाइलींची किंमत लक्षात घेऊन अनेक ठिकाणी त्या निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जातात. वाफेच्या दाबाखालील निर्जंतुकीकरणाचा फाइलीच्या ताकदीवर होणारा परिणाम मिश्रधातूच्या प्रकारानुसार वेगळा असतो. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये फाइल दीर्घकाळ बुडवून ठेवल्यास पृष्ठभाग गंजू शकतो.

पुनर्वापराला दोन वेगळे आक्षेप आहेत. पहिला साचलेल्या शिणवट्याचा. दुसरा स्वच्छतेचा, कारण कडांच्या खाचांत अडकलेले ऊतींचे अंश पूर्णपणे निघत नाहीत. सीजेडी या मेंदूच्या रोगाच्या एका प्रकाराला कारणीभूत असलेली प्रिऑन प्रथिने नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने खात्रीने नष्ट होत नाहीत. म्हणून ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये मूलनलिका-फाइली एकदाच वापरण्याची सूचना दिली. अनेक उत्पादकही आपल्या फाइली एकाच रुग्णासाठी असल्याचे वेष्टनावर नमूद करतात.

फाइल किती वेळा वापरावी याविषयी सर्वमान्य आकडा नाही. जेथे पुनर्वापर होतो तेथे प्रत्येक फाइलीच्या वापराची नोंद ठेवणे, प्रत्येक वेळी भिंगाखाली तपासणे, आणि तीव्र बाकाच्या किंवा कॅल्शियम साठलेल्या नलिकेत वापरलेली फाइल पुन्हा न वापरणे हे नियम सुचवले जातात. कडा उलगडलेली, चकाकणारे डाग पडलेली किंवा वाकलेली फाइल ताबडतोब टाकून द्यावी लागते. मात्र तपासणीत दोष न दिसणे म्हणजे फाइल सुरक्षित असणे नव्हे.

टिकाऊपणा वाढवण्याचे प्रयत्न

उष्णतेची प्रक्रिया करून मिश्रधातूची स्फटिकरचना बदलणे हा २००७ नंतरच्या सुधारणांचा मुख्य मार्ग राहिला आहे. 'एम-वायर', 'आर-फेज' आणि 'सीएम वायर' ही त्याची उदाहरणे आहेत. शरीराच्या तापमानाला अशा फाइलींत मार्टेन्साइट किंवा मधल्या आर-रूपाचे प्रमाण अधिक असते. त्या अधिक मऊ असतात आणि शिणवटा अधिक काळ सोसतात. काही प्रकारांच्या फाइली आधी वाकवून नलिकेत घालता येतात आणि अतिताण पडल्यास त्यांचा पीळ उलगडतो. पोलादी फाइलींत मिळणारी धोक्याची सूचना त्यामुळे काही प्रमाणात परत मिळते. परंतु मऊपणामुळे त्या सामान्यतः कमी टॉर्कला मोडतात.

फिरण्याची पद्धत बदलणे हा दुसरा मार्ग आहे. घासन यारेद यांनी २००८ मध्ये एकाच यंत्रचलित फाइलीने मागे-पुढे फिरवत नलिका घडवण्याचे तंत्र मांडले. यात फाइल एका दिशेला मोठ्या कोनातून फिरून कापते आणि उलट दिशेला लहान कोनातून फिरून मोकळी होते. अडकण्यापूर्वीच सुटका होत असल्याने पीळ मर्यादित राहतो आणि सलग फिरण्याच्या तुलनेत शिणवट्याचे आयुष्यही वाढते.

प्रतिबंध

उपचाराच्या टप्प्यांत पुढील काळजी घेतली जाते:

• उपचारापूर्वीच्या क्ष-किरण चित्रावरून, आणि गरज असल्यास सीबीसीटी या त्रिमितीय चित्रणावरून, नलिकेच्या बाकाचा अंदाज घेणे.
• फाइल न वाकता नलिकेत उतरेल असा सरळ प्रवेशमार्ग तयार करणे.
• यंत्रचलित फाइलीपूर्वी १० ते २० क्रमांकाच्या बारीक फाइलींनी नलिकेत टोकापर्यंत गुळगुळीत वाट (ग्लाइड पाथ) तयार करणे.
• नलिकेचा वरचा भाग आधी रुंद करणे, म्हणजे टोकाकडे जाणाऱ्या फाइलीवरील घर्षण कमी होते.
• उत्पादकाने दिलेला वेग व टॉर्क पाळणे, फाइल हलक्या हाताने वर-खाली हलती ठेवणे आणि थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून पुसणे.
• नलिका सतत द्रावणाने भरलेली ठेवणे.

फाइल मोडल्यास

तुकड्याची जागा क्ष-किरण चित्राने निश्चित केल्यावर चार पर्याय उरतात: तुकडा काढणे, त्याच्या बाजूने वाट काढणे, तो जागेवर ठेवून वरचा भाग स्वच्छ करून भरणे, किंवा शस्त्रक्रिया करणे. तुकडा काढण्यासाठी दंतवैद्यकीय सूक्ष्मदर्शक व अल्ट्रासॉनिक टोके प्रामुख्याने वापरली जातात. तुकड्याभोवतीचे दंतिन बारीक कापून तो कंपनांनी सैल केला जातो. सूटर, लुसी व सेकेरा यांच्या २००५ मधील अभ्यासात ९७ पैकी ८७ टक्के तुकडे काढता आले. वेळ लांबत जाईल तसे यश घटत असल्याने प्रयत्न ४५ ते ६० मिनिटांपलीकडे नेऊ नये, असे त्यांनी सुचवले.

तुकडा बाकाच्या अलीकडे व दिसू शकेल अशा जागी असल्यास यशाची शक्यता चांगली असते. बाकापलीकडील तुकड्यासाठी निरोगी दंतिन मोठ्या प्रमाणात कापावे लागते. त्यामुळे मुळाला छिद्र पडण्याचा किंवा मूळ कमकुवत होऊन पुढे उभे चिरण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी तुकडा तसाच ठेवणे दाताच्या हिताचे ठरू शकते.

उपचाराच्या यशावर परिणाम

मोडलेला तुकडा दात गमावण्याचे कारण ठरेल का, हा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. स्पिली, पाराशोस व मेसर यांनी २००५ मध्ये तुकडा राहिलेल्या व न राहिलेल्या दातांची तुलना केली. तुकडा राहिलेले ९१.८ टक्के, तर न राहिलेले ९४.५ टक्के दात बरे झाले. मुळाच्या टोकाशी आधीपासून हाडाची विकृती असलेल्या दातांत हे प्रमाण अनुक्रमे ८६.७ व ९२.९ टक्के होते. दोन्ही गटांतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. विकृती आधीपासून असणे हा घटक तुकड्यापेक्षा अधिक प्रभावी होता.

याचे कारण असे, की निकेल-टायटॅनियमचा तुकडा स्वतः रोग निर्माण करत नाही. त्याच्या पलीकडील भाग स्वच्छ करण्यास तो अडथळा ठरतो. नलिका बरीचशी स्वच्छ झाल्यानंतर मोडलेली फाइल कमी चिंतेची असते. उपचाराच्या सुरुवातीलाच, संसर्गित नलिकेत मोडलेली फाइल मात्र अधिक गंभीर ठरते. म्हणून तुकडा कोठे आहे यासोबत तो केव्हा मोडला यालाही महत्त्व असते.

रुग्णाला माहिती

फाइल मोडण्याची शक्यता उपचारापूर्वीच्या संमतीत सांगणे आणि मोडल्यास रुग्णाला त्याची स्पष्ट कल्पना देणे हे दंतवैद्याचे कर्तव्य मानले जाते. तुकड्याची जागा, निवडलेला पर्याय व त्यामागील कारण यांची नोंद क्ष-किरण चित्रासह ठेवली जाते. योग्य काळजी घेऊनही फाइल मोडू शकते, त्यामुळे केवळ मोडणे हा निष्काळजीपणाचा पुरावा ठरत नाही. मात्र ही माहिती लपवल्यास रुग्ण पुढील तपासण्यांना मुकतो. ठरावीक काळाने क्ष-किरण चित्र काढून मुळाच्या टोकाची स्थिती पाहणे तुकडा राहिलेल्या दाताच्या बाबतीत विशेष आवश्यक असते.